खालचा माल

"ती खालचा माल बघतेय. येईलच वर," असं गिऱ्हाइकाला सांगून मावशी चादरींचं काउंटर सोडून टॉवेलच्या काउंटरवर जाऊन उभ्या राहिल्या.

गिऱ्हाईक म्हणजे एक घाईतली बाई होती. तिला आंघोळीचा मोठा टॉवेल हवा होता. रंग कुठलाही चालेल म्हणत होती आणि दाखवलेला प्रत्येक रंग नाकारत होती. मावशी न कंटाळता घड्या उलगडत होत्या. त्यांच्या पायाशी, काउंटरच्या फळीआड, टॉवेलवाली उशांच्या गठ्ठ्यावर बसली होती. तिला सहावा महिना होता. चपला बाजूला काढून, खालच्या कप्प्याला डोकं टेकून तिनं डोळे मिटले होते.

चादरी, पडदे आणि टॉवेलांच्या त्या मोठ्या दुकानात विक्रीच्या बायकांना बसायला बंदी होती असं कोणी म्हणू शकलं नसतं. बसायला काही नव्हतं, एवढंच. गिऱ्हाइकांसाठी सोफा होता, गल्ल्यावरच्या माणसाला गोल फिरणारी खुर्ची होती. बायकांनी मात्र दुकान उघडल्यापासून बंद होईपर्यंत उभं राहायचं, हे इतकं अंगवळणी पडलं होतं की तसा नियम करायची वेळच कधी आली नव्हती.

नियम होते ते बायकांचे आपापसातले. अगदीच पाय मोडून आले की शेजारणीला म्हणायचं, "जरा खालचा माल बघते." म्हणजे काउंटरमागे खाली बसायचं. तेवढा वेळ शेजारीण दोन्ही काउंटरं सांभाळायची. एका वेळी एकीनंच खाली जायचं आणि वर येताना रिकाम्या हातानं यायचं नाही, काहीतरी घेऊनच उठायचं. पडद्यांच्या काउंटरवरची बाई, तिला सगळ्या पडदेवाली म्हणायच्या, एकदा अशीच हाताला लागेल तो पडदा घेऊन उठली. शेवाळी रंगाचा, वर मोठमोठी पिवळी फुलं. कित्येक वर्षं कोणी न घेतलेला. समोरच्या गृहस्थांना वाटलं, ही खास आपल्यासाठी शोधून आणलेली वस्तू आहे. त्यांनी घरातल्या सगळ्या खिडक्यांना तोच घेतला. मालकांनी त्या दिवशी पडदेवालीचं कौतुक केलं आणि बायका आठवडाभर तोंडाला पदर लावून हसत होत्या.

तर त्या दिवशी जिन्यावर मालकांचे बूट वाजले. टॉवेलवालीनं आवाज ओळखला, हाताशी आला तो टॉवेल उचलला आणि झटकन उभी राहिली. उभी राहिली ती तशीच पांढरीफटक पडून मावशींच्या अंगावर कलली. टॉवेलांचा ढीग खाली आला. घाईतली बाई दोन पावलं मागे सरली आणि काहीच न घेता निघून गेली. मालकांनी लांबूनच काय झालं म्हणून विचारलं. "काही नाही, पाय घसरला," टॉवेलवालीनं स्वतःच सांगितलं. पाणी पिऊन ती परत उभी राहिली.

मावशींच्या मनातून ते जाईना. पोरीला भोवळ आली याचं दुःख होतंच, पण पडतानाही तिनं हातातला टॉवेल वर धरून ठेवला होता.

घरी त्यांनी नवऱ्याला सांगितलं. तो बसचा ड्रायव्हर. त्याची उभी हयात बसण्यात गेली होती आणि कंबर कामातून गेली होती. मावशींची उभं राहण्यात गेली होती आणि गुडघे गेले होते. आपण दोघांनी मधे मधे कामं बदलून घेतली असती तर दोघंही धड राहिलो असतो, असं तो म्हणायचा. मावशी म्हणायच्या, तुम्ही चादर दाखवली असतीत तर दुकान बुडालं असतं, आणि मी बस चालवली असती तर निदान वेळेवर पोचली असती.

त्या दिवशी मात्र त्यांनी टोला परतवला नाही. मालकांशी बोलायचं म्हणतेय, एवढंच म्हणाल्या. प्रत्येक काउंटरला एक स्टूल. गिऱ्हाईक नसेल तेव्हा टेकायला.

"अगं, तुझी रिटायरमेंट आली जवळ. आता कशाला?"

"म्हणून तर. मला काढून काढून किती दिवस आधी काढतील?"

तो कंबर धरून उठला आणि दिवा मालवायला गेला.

मावशी बोलायला घाबरणाऱ्यातल्या नव्हत्या. लहान असताना मालक शाळेतून थेट दुकानात यायचे आणि चादरींच्या गठ्ठ्यावर झोपायचे. मावशींनी त्यांच्या अंगावर कितीदा तरी पांघरूण घातलं होतं. त्यामुळे दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्यावर त्या सरळ वर केबिनमधे गेल्या. मालकांनी हातातला फोन बाजूला ठेवला आणि नीट ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर पुढचं सगळं सोपं झालं असतं.

"कोणी तक्रार केलीय का मावशी?" त्यांनी विचारलं.

"तक्रार नाही. मीच सांगतेय."

"नाही, कारण मी रोज खाली येतो. मला कधी कोणी थकलेलं, टेकलेलं दिसत नाही. सगळ्या आपल्या ताठ उभ्या असतात. मग एकदम स्टुलं कशाला?"

इथे मावशींनी गप्प बसायला हवं होतं. पण बोलणाऱ्या माणसाला समोरचा ऐकायच्या बेतात आहे असं वाटलं की जीभ आवरत नाही. त्यांना वाटलं, आता एक पुरावा दिला की झालं.

"दिसणार कसं मालक? आम्ही खाली बसतो ना," असं म्हणून त्यांनी खालच्या मालाची सगळी गंमत सांगून टाकली. एका वेळी एक कशी जाते, शेजारीण कशी सांभाळते, हातात काहीतरी घेऊन कसं उठायचं. शेवाळी पडद्याची गोष्टसुद्धा सांगितली. मालक खळखळून हसले. मावशीही हसल्या. बघतो म्हणाले मालक, आणि मावशी हलक्या पायांनी खाली आल्या. त्यांनी कोणाला काही सांगितलं नाही. स्टुलं आली की आपोआप कळेल, तेव्हा पोरींचे चेहरे बघू, असं त्यांच्या मनात होतं.

पुढच्या सुट्टीनंतर बायका दुकानात आल्या तेव्हा सुतार काम आटोपून गेला होता. काउंटरांच्या पुढच्या लाकडी फळ्या काढून तिथे काच बसवली होती. खालचे कप्पे रिकामे करून सगळा माल गोदामात हलवला होता. दुकान मोकळं आणि उजळ दिसत होतं. आता रस्त्यावरूनही बायकांच्या चपला दिसत होत्या. आणि चादरींच्या काउंटरमागे एक खुर्ची ठेवली होती. गादीची, पाठीला टेकण असलेली.

मालक स्वतः खाली आले. लपूनछपून काही करायचं नाही, गिऱ्हाइकाला फसवल्यासारखं होतं, म्हणाले, अगदी समजावणीच्या सुरात. "मावशींनी मोकळेपणानं सांगितलं म्हणून मला कळलं. मावशी, ही खुर्ची तुमच्यासाठी. तुमच्या वयाचा मान म्हणून."

मालक वर गेल्यावर बायका आपापल्या काउंटरला गेल्या. जेवणाच्या सुट्टीत, मागच्या खोलीत खोक्यांचे पुठ्ठे अंथरून बायका बसल्या तेव्हा मावशींच्या दोन्ही बाजूंना जागा मोकळी राहिली. डबा अर्धा संपल्यावर पडदेवालीनं तोंड उघडलं. तिच्या पोटऱ्यांवर निळ्या शिरा दोरीसारख्या वर आल्या होत्या. घरात कमावणारी ती एकटीच होती.

"तुम्हाला आमचं वकीलपत्र कोणी दिलं होतं मावशी?"

"अगं, मला वाटलं..."

"तुम्हाला वाटलं. आम्हाला विचारलं का? आमचं होतं नव्हतं तेवढं सांगून आलात वर, आणि स्वतःला खुर्ची घेऊन आलात."

खुर्ची मी मागितली नव्हती, हे खरं होतं, पण ते त्या वेळी म्हणणं त्यांना फार कोतं वाटलं. टॉवेलवाली खाली मान घालून पुठ्ठ्याचा कोपरा सोलत होती. तिची मान वर आली नाही, याचं मावशींना पडदेवालीच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

मावशी त्या खुर्चीवर बसल्या नाहीत. त्यांनी टॉवेलवालीला बसायला सांगून बघितलं. ती म्हणाली, खुर्ची तुमच्या नावची आहे, मला बाळंतपणाची रजा मागायचीय, मला नका अडकवू. मग खुर्ची तशीच राहिली. मावशी तिच्या शेजारी उभ्या राहायच्या. पोरी उभ्या आहेत तोवर आपण बसायचं नाही, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं आणि ठरवल्याचं थोडं समाधानही वाटत होतं. संध्याकाळी गुडघे सुजले की त्यांना वाटायचं, काहीतरी फिटतंय. पोरींना मात्र मावशी बसल्या काय आणि उभ्या राहिल्या काय, सारखंच होतं. त्यांचे स्वतःचे पाय काही त्यानं थांबत नव्हते.

"मी काय वाईट केलं हो?" घरी गरम पाण्यात पाय बुडवून बसल्या असताना त्यांनी नवऱ्याला विचारलं. "त्यांच्यासाठीच तर बोलले."

तो वर्तमानपत्रात डोकं घालून होता. "बस मी चालवतो," तो म्हणाला, "पण कोणाला कुठे उतरायचंय हे मी ठरवायला लागलो तर लोक मला खाली ओढतील."

"झालं. आता तुम्ही शहाणपण शिकवा."

"शिकवत नाही. बेल वाजते का ते बघावं, इतकंच."

मावशी रागावल्या. पण रात्री कूस बदलताना त्यांच्या लक्षात आलं की आपण कोणालाच काही विचारलेलं नाही. इतकी वर्षं या बायकांच्या शेजारी उभं राहून, त्यांची दुखणी, सासवा, पोरांचे निकाल ऐकून आपल्याला वाटलं, यांच्या मनातलं आपल्याला ठाऊक आहे.

मग त्यांनी विचारायला सुरुवात केली. आधी माफी मागितली, एकेकीला गाठून. "तुमची गोष्ट मी तुम्हाला न विचारता सांगितली. चुकलं माझं," असं सरळ म्हणाल्या. कोणी 'जाऊ दे' म्हणालं, कोणी नुसतंच ऐकून घेतलं. पडदेवाली म्हणाली, "चुकलं तर चुकलं. आता काच परत लाकूड होणार आहे का?"

"नाही. पण तुला नक्की काय हवंय ते तरी मला कळू दे."

तेव्हा ती आपल्या काउंटरला निघून गेली. दोनेक दिवसांनी आपणहून आली, रागातच, आणि सांगून टाकलं. तिला स्टूल नकोच होतं. म्हणजे हवं होतं, पण भीती जास्त होती. बसलेल्या बाया दिसल्या की मालक म्हणणार, काम कमी आहे, दोघी कमी करा. तिला आधी शब्द हवा होता, की बसली म्हणून कोणाला काढणार नाही. टॉवेलवालीचं तर भलतंच होतं. तिला दर थोड्या वेळानं बाथरूमला जावं लागायचं आणि प्रत्येक वेळी गल्ल्यावरच्या पुरुषाला सांगून जायची लाज वाटायची. म्हणून ती पाणीच प्यायची नाही. त्या दिवशी भोवळ आली ती त्यानं. उशांच्या काउंटरवरची एक होती, ती म्हणाली, मला बसवूच नका, मी एकदा बसले की उठायला क्रेन लागते. सगळ्या हसल्या. किती तरी दिवसांनी मागच्या खोलीत हसू ऐकू आलं होतं.

मावशी ऐकत राहिल्या. आपण वर जाऊन किती ठणकावून बोललो होतो, आणि या पोरीला पाणी प्यायचंय हेसुद्धा आपल्याला माहीत नव्हतं, याची त्यांना मनापासून लाज वाटली.

आता परत वर कोणी जायचं हा प्रश्न निघाला तेव्हा सगळ्यांनी मावशींकडे बघितलं. सवयच तशी. मावशींनी नकारार्थी मान हलवली. मी येते, पण बोलणार नाही, म्हणाल्या. मग सगळ्यांनी पडदेवालीकडे बघितलं. मला जमणार नाही, असं तिनं ठाम सांगितलं. पण वर जायची वेळ आलीच नाही. त्याच संध्याकाळी, गिऱ्हाईक पातळ झाल्यावर, मालक खाली आले. पडद्यांच्या काउंटरपाशी थांबून त्यांनी सहज विचारलं, काय, कसं काय, आणि पडदेवालीच्या तोंडून सुटून गेलं.

"मालक, जरा बोलायचं होतं. सगळ्यांचंच."

सुरुवात बाथरूमनं केली, तिथून ती पडद्याच्या दांड्यांवर गेली, शिडी डुगडुगते हे मधेच काढलं, मग एकदम म्हणाली, "आणि बसलं म्हणून कोणाला काढू नका." हातातली मोजपट्टी ती गुंडाळत होती आणि सोडत होती. मावशी चादरींच्या काउंटरमागे उभ्या होत्या. मधे पडून नीट मांडावं, आधी हे सांग, मग ते सांग म्हणावं, असं त्यांना इतकं वाटत होतं की त्यांनी ओठ दाताखाली धरला. पण बोलल्या नाहीत.

मालकांनी ऐकून घेतलं. बाथरूमचं ठीक आहे, गल्ल्यावर सांगायची गरज नाही, म्हणाले. शिडी बघायला सांगतो. कोणाला काढायचा माझा विचार नाही. "पण स्टुलांचं मला खरंच कळत नाही. एक खुर्ची दिलीय ना मी? चांगली गादीची. इतके दिवस बघतोय, मावशी एकदाही तिच्यावर बसल्या नाहीत. तुमच्यात सगळ्यांत वयानं मोठ्या त्या. त्यांना गरज वाटत नाही, मग तुम्हाला कशी वाटते?"

पडदेवालीनं मोजपट्टी काउंटरवर ठेवली. सगळ्यांच्या माना खुर्चीकडे वळल्या.

मावशींच्या एकदम लक्षात आलं. इतके दिवस पोरींच्या बाजूनं उभं राहतोय असं समजून त्या उभ्या होत्या आणि ते सगळं उभं राहणं मालकांच्या पारड्यात जात होतं. बोलू नये असं ठरवलं होतं, ते त्यांनी मोडलं नाही. त्यांनी हाताला लागलेली चादर उचलली, खुर्ची जरा पुढे, काचेपाशी ओढली, आणि बसल्या.

बसणं सोपं नव्हतं. समोर मालक उभे आणि आपण बसलेलो, असं आयुष्यात कधी झालं नव्हतं. तेवढ्यात नको तेच झालं. दार ढकलून एक गिऱ्हाईक आत आलं, एक वयस्कर गृहस्थ, आणि सरळ चादरींकडे आले. मावशींचं अंग सवयीनं अर्धवट उठलंसुद्धा. मग त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला आणि स्वतःला परत खाली बसवलं.

"या," त्या म्हणाल्या. "डबल बेडची बघताय का?"

गृहस्थ हो म्हणाले. मावशींनी मांडीवरच चादर उलगडून दाखवली. त्यांनी कापड बोटांत धरून बघितलं, धुतल्यावर रंग जातो का विचारलं. मावशी बसलेल्या आहेत याचं त्यांना काहीच वाटलेलं दिसलं नाही. चादर घेऊन ते गल्ल्याकडे गेले. मालक तिथेच उभे होते.

तेवढ्यात पडदेवाली आपलं काउंटर सोडून आली. लंगडत आली, संध्याकाळी ती लंगडायचीच. मावशींच्या समोर उभी राहिली. चेहऱ्यावर राग गेल्याची काही खूण नव्हती. मावशींना वाटलं, आता ही सगळ्यांदेखत काय बोलते कोण जाणे.

"उठा मावशी," ती म्हणाली. "आता मी बसते."

मावशी उठल्या. गुडघ्यात कळ आली म्हणून पडदेवालीनं त्यांच्या दंडाला धरलं आणि त्या सरळ झाल्यावर लगेच सोडून दिलं. मग ती खुर्चीत बसली, मालकांसमोर, आणि तिनं ते निळ्या शिरांचे पाय पुढे लांब केले. टॉवेलच्या काउंटरवरून टॉवेलवाली निघाली होती, ती येऊन खुर्चीच्या मागे उभी राहिली. कोणी सांगितलं नव्हतं, पण तिच्या मागे आणखी एक आली.

मावशींना रडू येत होतं. त्यांनी काउंटरवरच्या सुट्या चादरींच्या घड्या घालायला घेतल्या आणि आपला नंबर परत येईपर्यंत त्या घड्या घालत उभ्या राहिल्या.